पोलॉकचा निकाल वाचायचा कसा: पेन्सिल, कॅल्क्युलेटर आणि मतांचा तक्ता

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 1895 मधला, आयकर रद्द करणारा पोलॉकचा निकाल वाचायला घेतलेली बहुतेक मंडळी पहिल्या शंभर पानांतच दमतात. गंमत अशी की ती शंभर पानं निकालाची नसतातच. खटल्याची हकीकत, कंपनीची कागदपत्रं आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांची लांबलचक भाषणं, असं सगळं जुन्या पद्धतीनं आधी छापलेलं असतं. वकील तावातावानं काहीतरी बोलतो, वाचणारा त्याखाली रेघ मारतो आणि दुसऱ्या दिवशी "कोर्ट म्हणतं की..." अशी सुरुवात करतो.

मी नाशिकला करसल्लागार आहे. रिटर्न, नोटिसा, अपिलं हे रोजचं काम. शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद झालं की एलएल.बी. करणारी काही मुलंमुली येतात आणि आम्ही करांवरचे जुने निकाल वाचतो. पोलॉक त्यात दरवर्षी असतो. कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, हे परीक्षेला येणारे का?" येणार नाही. पण करावरचा वाद कोर्टात कसा शिरतो, न्यायाधीश जुन्या निकालांचं काय करतात आणि एका मतानं किती उलथापालथ होते, हे एवढं उघडं दाखवणारा दुसरा निकाल मला तरी सापडलेला नाही. तो आम्ही कसा वाचतो ते इथे लिहिते.

आधी कागदपत्रं. निकालाचं पूर्ण नाव पोलॉक विरुद्ध फार्मर्स लोन अँड ट्रस्ट कंपनी. अमेरिकेचे अधिकृत निकालसंग्रह 'युनायटेड स्टेट्स रिपोर्ट्स' या नावानं निघतात आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतात. 157 यू.एस. 429 म्हणजे खंड 157, पान 429. पण एवढंच उतरवून घेतलंत तर अर्धाच निकाल हातात येईल. दुसरा अर्धा आहे 158 यू.एस. 601. पहिला 8 एप्रिल 1895 चा, दुसरा 20 मे 1895 चा. पक्षकार तेच, प्रश्न तोच, आणि उत्तर सहा आठवड्यांत बदललेलं. दोन्ही उतरवून घ्या, प्रिंट काढणार असाल तर दोन वेगळ्या फायली करा आणि वर मोठ्या अक्षरात "एप्रिल" आणि "मे" असं लिहा. हे बालिश वाटेल, पण पुढे सगळा गोंधळ याच दोन महिन्यांचा होतो.

हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहा

निकालाला हात लावण्याआधी अर्ध्या पानात गोष्ट लिहून काढायची. मुलांना मी हेच पहिलं काम देते.

1893 मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. केंद्र सरकारचं उत्पन्न मुख्यतः आयात शुल्कावर चालायचं. ऑगस्ट 1894 मध्ये विल्सन-गॉर्मन कायद्यानं जकातीचे दर बदलले आणि त्याच कायद्यात आयकर घातला: वर्षाला 4,000 डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर 2 टक्के, 1 जानेवारी 1895 पासून पाच वर्षांसाठी. कंपन्यांच्या नफ्यावरही 2 टक्के. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी विधेयकावर सही केली नाही, त्यांच्या सहीविनाच कायदा झाला. 4,000 डॉलर ही त्या काळी चांगलीच घसघशीत रक्कम. कर पडणार होता तो श्रीमंतांवर, आणि तेही देशाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मोजक्या राज्यांत एकवटलेले.

फार्मर्स लोन अँड ट्रस्ट ही न्यूयॉर्कची कंपनी. मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्स पोलॉककडे तिचे 10 शेअर. त्यानं स्वतःच्याच कंपनीवर दावा लावला: हा कर घटनाबाह्य आहे, कंपनीनं तो भरू नये, भरला तर तो भागधारकांच्या पैशाचा अपव्यय ठरेल.

इथे थांबा आणि समासात लिहा: दावा सरकारवर का नाही?

करात काम करणाऱ्यांना याचं उत्तर लगेच सुचायला हवं. कराची आकारणी किंवा वसुली थांबवण्यासाठी दावा चालणार नाही, असा अमेरिकेचा 1867 पासूनचा कायदा होता आणि आजही आहे. आधी पैसे भरा, मग परताव्यासाठी भांडा. पोलॉकच्या वकिलांनी हे दार टाळून खिडकी शोधली. भागधारक कंपनीला अडवतोय, सरकारला कोण अडवतंय? कंपनीलाही कर भरायची हौस नव्हतीच, त्यामुळे वादी आणि प्रतिवादी दोघांनाही एकच निकाल हवा होता. ज्याची तिजोरी पणाला लागली ते सरकार खटल्यात पक्षकारच नव्हतं. अॅटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी यांना बाजू मांडू दिली, एवढंच. हा आक्षेप सरकारनं ताणला नाही आणि कोर्टानंही ताणला नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांनी मात्र आपल्या भिन्नमतात त्यावर बोट ठेवलं. मला विचाराल तर हा खटला त्या पहिल्याच पायरीवर परत जायला हवा होता.

घटनेची तीन वाक्यं

आता घटना. पूर्ण वाचू नका, तीन तरतुदी कार्डावर लिहून समोर ठेवा. तिन्ही कलम 1 मधल्या.

विभाग 2 सांगतो की लोकप्रतिनिधी आणि 'डायरेक्ट टॅक्स' दोन्ही राज्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जातील. विभाग 8 सांगतो की ड्यूटी, इम्पोस्ट आणि एक्साइज (म्हणजे जकाती आणि माल, व्यवहार, व्यवसाय यांवरचे कर) देशभर एकसारखे असतील. विभाग 9 पहिल्याचीच आठवण करून देतो: माणशी कर किंवा दुसरा कुठलाही डायरेक्ट टॅक्स जनगणनेच्या प्रमाणातच बसवायचा.

आपल्या पाठ्यपुस्तकातली व्याख्या, म्हणजे ज्याच्यावर बसतो तोच सोसतो तो प्रत्यक्ष कर, ती इथे बाजूला ठेवा. इथे डायरेक्ट म्हणजे ज्याची वाटणी लोकसंख्येनुसार करावी लागते तो कर, आणि कुठला कर त्यात येतो हे घटनेत कुठेच सांगितलेलं नाही. 20 ऑगस्ट 1787 ला घटना लिहिणाऱ्या परिषदेत रुफस किंग यांनी उभं राहून विचारलंही होतं की डायरेक्ट टॅक्सचा नेमका अर्थ काय. परिषदेतलेच एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांच्या टिपणात पुढची नोंद आहे: कुणीही उत्तर दिलं नाही. त्या न दिलेल्या उत्तराची किंमत एकशे आठ वर्षांनी मोजली गेली.

ही वाटणी आली कुठून, तेही कार्डाच्या मागे टिपून ठेवा. गुलामगिरी असलेल्या राज्यांना प्रतिनिधी मोजताना गुलाम धरायचे होते, उरलेल्यांना ते मान्य नव्हतं. तडजोड झाली ती तीन-पंचमांशची (पाच गुलाम म्हणजे तीन माणसं), आणि तिला जोड दिली ती करांची: ज्या आकड्यावर जागा मिळतील त्याच आकड्यावर कराचा बोजाही येईल. हे माहीत नसेल तर लोकसंख्येनुसार कर वाटायची कल्पना निव्वळ वेडेपणा वाटते. माहीत असेल तर ती वेडेपणा वाटतेच, पण कारण कळतं.

कॅल्क्युलेटर घ्या

ही पायरी कुणी गाळतं तेव्हा मला राग येतो. हिशेब स्वतः केल्याशिवाय या निकालातली एकही ओळ अंगाला लागत नाही.

दोन राज्यं धरा. दोन्हींची लोकसंख्या 10-10 लाख. पहिल्या राज्यात करपात्र उत्पन्न 5 कोटी डॉलर, दुसऱ्यात 50 लाख डॉलर. केंद्राला दोघांकडून मिळून 20 लाख डॉलर हवेत. लोकसंख्या सारखी, म्हणून प्रत्येक राज्याचा वाटा 10 लाख. आता दर काढा. पहिल्या राज्यात 2 टक्के. दुसऱ्यात 20 टक्के. गरीब राज्यातल्या माणसानं तेवढ्याच उत्पन्नावर दहापट कर भरायचा.

आता उलट बाजूनं विचार करा. कोर्ट जर म्हणालं की आयकर हा डायरेक्ट टॅक्स आहे, तर त्याचा अर्थ "काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, आयकर लावता येणार नाही" असा होत नाही. कागदावर अधिकार शाबूत आहे. फक्त तो वापरायचा तर वरचा हिशेब मांडावा लागेल, आणि असा कायदा मंजूर करून घेणारा खासदार पुढच्या निवडणुकीत घरी बसेल. अधिकार मान्य करून तो निरुपयोगी करायचा, हा पोलॉकचा खरा परिणाम. वाटणीचे केंद्रीय कर पूर्वी लावले गेलेही होते, 1798, 1813, 1815, 1816 आणि 1861 मध्ये. ते मुख्यतः जमीन, घरं आणि गुलाम यांवरचे होते. उत्पन्नावरचा एकही नव्हता.

दोन जुने निकाल, थोडक्यात

1796 चा हिल्टन. व्हर्जिनियाच्या डॅनियल हिल्टनवर घोडागाड्यांचा कर. दावा सुप्रीम कोर्टापर्यंत न्यायला 2,000 डॉलरची रक्कम लागत होती, म्हणून दोन्ही पक्षांनी मान्य केलं की हिल्टनकडे स्वतःच्या वापरासाठी 125 गाड्या आहेत. कर आणि दंड मिळून गाडीमागे 16 डॉलर. गुणाकार करून बघा. एका माणसाच्या सव्वाशे गाड्या कुणी पाहिल्या नव्हत्या आणि कुणी विचारलंही नाही. सरकारतर्फे अलेक्झांडर हॅमिल्टन उभे राहिले. न्यायमूर्ती चेस यांनी आपण वर केला तोच हिशेब केला: एका राज्यात 100 गाड्या, दुसऱ्यात 1,000, वाटणी केली तर एकाला गाडीमागे 80 डॉलर आणि दुसऱ्याला 8. ज्याची वाटणी इतकी अन्यायाची होते तो कर डायरेक्ट असूच शकत नाही, असा निष्कर्ष. माणशी कर आणि जमिनीवरचा कर, एवढेच बहुधा डायरेक्ट, असं न्यायाधीशांनी बोलून दाखवलं.

1881 चा स्प्रिंगर. यादवी युद्धाच्या काळातला आयकर इलिनॉयच्या विल्यम स्प्रिंगर या वकिलानं भरला नाही, सरकारनं स्प्रिंगफील्डमधली त्याची मालमत्ता विकायला काढली. कोर्टानं एकमतानं सांगितलं की आयकर डायरेक्ट टॅक्स नाही, तो एक्साइजसारखा आहे. म्हणजे 1895 मध्ये पोलॉकच्या वकिलांसमोर अवघ्या चौदा वर्षांपूर्वीचा, एकमताचा, थेट आयकरावरचा निकाल उभा होता. आपल्या ऑफिसात असा क्लायंट आला असता तर मी त्याला चहा देऊन परत पाठवला असता.

आता थेट पान 553

एप्रिलच्या फायलीत सरन्यायाधीश मेल्व्हिल फुलर यांचं निकालपत्र पान 553 वर सुरू होतं. तिथून वाचा. वकिलांची भाषणं नंतर, चवीपुरती वाचा. जोसेफ चोट यांचं भाषण वाचाच, या कराला कम्युनिस्ट आणि समाजवादी ठरवणारं वक्तृत्व त्यात आहे. पण त्यावर रेघ मारायची तर वेगळ्या रंगाची.

फुलर स्प्रिंगरमधून वाट कशी काढतात ते पेन्सिलीनं टिपा, कारण आपल्या धंद्यातलं कौशल्य तिथे आहे. त्यांनी स्प्रिंगर चुकला असं म्हटलं नाही. त्यांनी त्या खटल्याचं मूळ रेकॉर्ड काढून पाहिलं आणि सांगितलं की स्प्रिंगरचं उत्पन्न वकिलीच्या फीचं आणि सरकारी रोख्यांच्या व्याजाचं होतं. जमिनीच्या भाड्याचा त्यात प्रश्नच नव्हता. म्हणून भाड्यापुरता स्प्रिंगर लागू नाही. मग एक पायरी पुढे: जमिनीवरचा कर डायरेक्ट हे सगळ्यांनाच मान्य, आणि जमीन म्हणजे तिच्यातून येणारं उत्पन्नच नाही तर काय, हा इंग्लंडचे कायदेपंडित कोक यांचा जुना सवाल. तेव्हा भाड्यावरचा कर तो जमिनीवरचाच कर.

द्राक्षबागांच्या गावात राहणाऱ्यांना हा युक्तिवाद परका वाटू नये. आपल्या घटनेत केंद्र सूचीच्या 82 व्या नोंदीनं केंद्राला उत्पन्नावर कर लावता येतो, शेतीचं उत्पन्न सोडून. ते राज्य सूचीच्या 46 व्या नोंदीत. जमीन आणि तिचं उत्पन्न यांचं नातं करकायद्यात सगळीकडेच नाजूक असतं. पण साम्य इथेच संपतं. आपल्याकडे ती रेघ घटनेनं स्वतः मारली आहे, तिथे ती न्यायाधीशांनी मारली.

मतांचा तक्ता

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. वहीचं पान आडवं धरा, डावीकडे नऊ नावं लिहा: फुलर, फील्ड, हार्लन, ग्रे, ब्रूअर, ब्राउन, शायरस, जॅक्सन, व्हाइट. वर दोन स्तंभ, एप्रिल आणि मे.

एप्रिलमध्ये जॅक्सन यांच्यासमोर आडवी रेघ मारा. हॉवेल जॅक्सन क्षयानं आजारी होते, सुनावणीला आलेच नाहीत. राहिले आठ. आठांसमोर प्रश्न तीन प्रकारचे होते.

राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या रोख्यांवरच्या व्याजावर केंद्र कर लावू शकतं का? आठही जण म्हणाले, नाही. जमिनीच्या भाड्यावरचा कर डायरेक्ट आहे का? सहा जण हो म्हणाले. व्हाइट आणि हार्लन विरोधात. तिसऱ्या प्रकारात उरलेलं सगळं: शेअर, रोखे अशा जंगम मालमत्तेच्या उत्पन्नावरचा कर डायरेक्ट का, एक भाग गेला तर सगळा कायदा जातो का, आणि एकसारखेपणाची अट मोडली का. यावर चार विरुद्ध चार. कोण कुठे होतं हे कोर्टानं सांगितलं नाही. तुमच्या तक्त्यात या ठिकाणी प्रश्नचिन्हं येतील, ती तशीच राहू द्या.

म्हणजे 8 एप्रिलला कराचा मुख्य प्रश्न लटकलेलाच राहिला. पोलॉकनं फेरसुनावणी मागितली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस पुन्हा युक्तिवाद झाले आणि या वेळी जॅक्सन आजारपणातून उठून टेनेसीहून वॉशिंग्टनला आले. नववा माणूस आला, कोंडी फुटणार, त्याचं मत निर्णायक ठरणार, असंच सगळे समजत होते.

20 मे चा स्तंभ भरा. कराच्या विरोधात फुलर, फील्ड, ग्रे, ब्रूअर, शायरस. कराच्या बाजूनं हार्लन, ब्राउन, जॅक्सन, व्हाइट. पाच विरुद्ध चार, कर रद्द.

आता बेरीज तपासा. जॅक्सन कराच्या बाजूचे. एप्रिलचे चार अधिक जॅक्सन, पाच व्हायला हवे होते. झाले चार. म्हणजे एप्रिल आणि मे यांच्यामध्ये एक जण पलीकडे गेला. कोण? तेव्हाच्या वृत्तपत्रांनी शायरस यांच्याकडे बोट दाखवलं, पुढे अभ्यासकांनी ग्रे आणि ब्रूअर यांचीही नावं घेतली. एप्रिलमध्ये चार-चारवर अडकलेले तीनही प्रश्न एकाच चौकडीनं एकाच बाजूला तोलले नसतील, तर कुणीही बदललं नसेल अशीही मांडणी करता येते. मुलं इथे दोन गट पाडून भांडतात, मी भांडू देते, फक्त उत्तरपत्रिकेत "शायरस यांनी मत फिरवलं" असं ठामपणे लिहिलेलं चालवून घेत नाही.

तक्त्याच्या तळाशी एक टीप टाका: जॅक्सन ऑगस्ट 1895 मध्ये वारले. मरणाच्या दारातून येऊन दिलेलं मत हरणाऱ्या बाजूला पडलं. आणखी एक, ज्यांना नात्यागोत्यांत रस आहे त्यांच्यासाठी: स्टीफन फील्ड आणि डेव्हिड ब्रूअर हे सख्खे मामा-भाचे, एकाच वेळी सुप्रीम कोर्टात, आणि इथे एकाच बाजूला.

मे महिन्याचा निकाल: शेवटची उडी बघा

मे च्या फायलीत फुलर भाड्यावरून शेअर-रोख्यांच्या उत्पन्नावर येतात. जमिनीच्या भाड्याचं जे तर्कट तेच जंगम मालमत्तेला. मला ही उडी पटत नाही. जमिनीपुरता डायरेक्ट टॅक्सला शंभर वर्षांचा आधार होता. जंगम मालमत्तेला तो ओढूनताणून लावलेला आहे. पण माझ्या मताशी तुम्हाला देणंघेणं नाही, फुलर यांचे दोन परिच्छेद शेजारी ठेवून स्वतः ठरवा.

त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा आणि लोक तोच वाचायचा सोडतात. पगार, व्यवसाय, धंदा यांच्या उत्पन्नावरचा कर एक्साइज म्हणून टिकू शकतो, हे फुलर नाकारत नाहीत. मग तेवढा भाग ठेवायचा की नाही? ते म्हणतात, मालमत्तेवरचा कर काढून टाकला आणि उरलेला ठेवला तर भांडवलावर लावायला निघालेला कर कष्टांवरचा आणि व्यवसायांवरचा कर होऊन बसेल. काँग्रेसचा हेतू तसा नव्हता. म्हणून आयकराची सगळी कलमं एकत्रच जातील. या परिच्छेदाभोवती चौकट करा. पोलॉकनं पगारावरचा आयकर डायरेक्ट ठरवला, असं लिहिणारे इथे पकडले जातात.

भिन्नमतं झोपायच्या आधी वाचा

एप्रिलमध्ये फील्ड यांचं सहमतीचं पण वेगळं मत आहे. भांडवलावरचा हा हल्ला फक्त सुरुवात आहे, पुढे गरिबांचं श्रीमंतांशी युद्ध होईल, असा सूर. ते कायदा म्हणून वाचू नका, 1895 च्या भीतीचा नमुना म्हणून वाचा.

मे मधली चारही भिन्नमतं वाचा. हार्लन सगळ्यात लांब आणि सगळ्यात चिडलेले: भाडं, व्याज, लाभांश खाणाऱ्यांना संरक्षण आणि अंगमेहनतीनं किंवा बुद्धीनं कमावणाऱ्यांवर कराची टांगती तलवार, असा निकाल होतोय म्हणतात. ब्राउन संपत्तीच्या हुकूमशाहीची भीती बोलून दाखवतात. पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, वंशभेदाला मान्यता देणारा प्लेसीचा निकाल याच ब्राउन यांनी लिहिला आणि त्यात एकटे विरोधात उभे राहिले ते हार्लन. निकालांवरून न्यायाधीशांचे साधू आणि चोर असे ढीग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जॅक्सन यांचं मत छोटं आहे. काँग्रेसच्या घटनात्मक अधिकारावर यापेक्षा मोठा घाव कधी पडला नव्हता, या आशयाचं वाक्य त्यात आहे, आणि दम लागलेल्या माणसानं ते वाचून दाखवलं असेल असं डोळ्यासमोर आणून वाचा. व्हाइट यांचं एप्रिलचं मत वकिलांसाठी सगळ्यात उपयोगी: शंभर वर्षं पक्कं मानलेलं सूत्र माणसं बदलली म्हणून बदललं तर कोर्टाच्या शब्दाला काय किंमत, हा त्यांचा गाभा. व्हाइट हे नाव अधोरेखित करून ठेवा.

आज यातलं जिवंत काय

निकाल वाचून झाला की त्याच्यावर पुढे काय काय झालं ते त्याच वहीत उतरवा, नाहीतर मेलेल्या निकालाचा आधार घेऊन बसाल. काँग्रेसनं 1909 मध्ये घटनादुरुस्ती सुचवली आणि फेब्रुवारी 1913 मध्ये सोळावी दुरुस्ती मंजूर झाली: कुठल्याही स्रोतातून आलेल्या उत्पन्नावर, राज्यांमध्ये वाटणी न करता, कर लावता येईल. त्याच वर्षी नवा आयकर आला आणि त्याला आव्हान देणाराही लगेच आला, ब्रशाबर, युनियन पॅसिफिक रेल्वेचा भागधारक, पोलॉकसारखाच स्वतःच्या कंपनीवर दावा लावून. 1916 मध्ये तो हरला. निकाल लिहिला सरन्यायाधीश व्हाइट यांनी, तेच भिन्नमतवाले.

रोख्यांच्या व्याजाचा भाग, जो एप्रिलमध्ये आठ विरुद्ध शून्य होता, तो जास्त काळ टिकला आणि 1988 मध्ये साउथ कॅरोलायना विरुद्ध बेकर या खटल्यात कोर्टानं तो मोडीत काढला. आपल्या घटनेतल्या अनुच्छेद 289 मध्ये राज्यांच्या मालमत्तेला आणि उत्पन्नाला केंद्राच्या करातून सूट आहे, तिच्याशी याची तुलना करायचा मोह होतो. करा, पण आपल्याकडे राज्याच्या व्यापार-धंद्याचा अपवाद त्याच अनुच्छेदात लिहिलेला आहे हेही लिहा. आणि भारतीय अपिलात पोलॉकचा आधार घेऊ नका. लोकसंख्येनुसार कर वाटायची तरतूद आपल्या घटनेत नाही, त्यामुळे निकालाचा पायाच इथे उभा राहत नाही.

जमिनीवर किंवा मालमत्तेवर थेट केंद्रीय कर लावायचा तर वाटणी लागते, हा भाग मात्र तिथे अजून जिवंत आहे. श्रीमंतांच्या संपत्तीवर कर लावायची चर्चा अमेरिकेत निघाली की म्हणूनच पोलॉकचं नाव निघतं.

सगळ्यात शेवटी 2024 चा मूरचा निकाल वाचा. आमच्या मुलांना तो आवडतो कारण त्यातली कंपनी बंगळुरूची आहे: किसानक्राफ्ट, छोट्या शेतकऱ्यांना अवजारं पुरवणारी. वॉशिंग्टन राज्यातल्या मूर दांपत्यानं 2006 मध्ये तिच्यात 40,000 डॉलर गुंतवले, लाभांश कधी घेतला नाही, आणि 2017 च्या कायद्यानं कंपनीत साठलेल्या नफ्यातला त्यांचा वाटा त्यांचंच उत्पन्न धरून 14,729 डॉलरचा कर लावला. हातात न आलेल्या पैशावरचा हा कर डायरेक्ट आहे, त्याची वाटणी हवी, असं त्यांचं म्हणणं. कोर्टानं सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते फेटाळलं. वाचताना पोलॉकचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे तुमच्या एप्रिल-मे च्या तक्त्यातला कुठला प्रश्न चाललाय ते समासात लिहा. आणि पहिल्या परिच्छेदांत बघा, हे कोर्टात कसे आले: कर भरला, मग परतावा मागितला.